‘साहेब कोणाचे?’ : चवदार तळ्याचा दावा आणि न्यायाचे स्वातंत्र्य

आमचे तुडील सावित्रीच्या खाडीपट्ट्यात. दवाखाना, बाजार, कॉलेज आणि कोर्ट या चारही गोष्टींसाठी महाड गाठावे लागते. पहिल्या तिघांबद्दल माणसे मोकळेपणाने बोलतात, कोर्टाबद्दल आवाज खाली जातो. महाडच्या कोर्टात मी इतकी वर्षे वकिली केली, पण नव्या अशिलाचा पहिला प्रश्न बदललेला मी पाहिला नाही. वकीलपत्रावर सही करायच्या आधी तो इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, "साहेब कोणाचे?"

या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले असतात. साहेब वरच्यांचे ऐकणारे आहेत का, हा एक. साहेब कुठल्या गावचे, कुठल्या जातीचे, कुणाच्या नात्यातले, हा दुसरा. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याविषयी सभांतून आणि लेखांतून जे बोलले जाते ते बहुतेक पहिल्या प्रश्नाबद्दल असते. तालुक्याच्या कोर्टाच्या पायरीवर मात्र दुसरा प्रश्न जास्त वेळा ऐकू येतो.

या प्रश्नाचे मराठी मनाने एक उत्तर ठरवून ठेवले आहे, ते म्हणजे रामशास्त्री. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडणारा न्यायाधीश आपल्या शाळेच्या पुस्तकांत आहे, नाटकात आहे, सिनेमातही आहे. ‘रामशास्त्री बाणा’ हा शब्दच आपण भाषेत रूढ केला. त्या बाण्याविषयी मला आदर आहे. पण त्याने आपल्याला एक चुकीची सवय लावली असे मला वाटते. न्यायाचे स्वातंत्र्य म्हणजे एखाद्या थोर माणसाची छाती, असे आपण समजून बसलो. असा माणूस दर शंभर वर्षांनी एखादा जन्माला येतो. तालुक्याच्या कोर्टात मात्र दररोज बोर्ड लागतो, आणि तिथे बसलेला न्यायाधीश तुमच्याआमच्यासारखाच असतो. त्याच्याकडून न्याय कसा मिळावा, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा विचार करताना मी वारंवार एका दाव्याकडे वळतो. तो महाडच्याच कोर्टात दाखल झाला होता. १९२७ सालच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच तळ्यावरून नऊ वर्षे चाललेल्या दाव्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले.

*

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होते. खाडीपट्ट्यातल्याच रावढळचे गोपाळबाबा वलंगकर लष्करातून निवृत्त होऊन आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू-बोलू लागले. त्यांची ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका १८८८ सालची. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा त्यांच्या शेजारी बसावे लागणार म्हणून इतर सभासदांनी ओरड केली. म्हणजे सरकारचा हुकूम एका बाजूला आणि गावाची वहिवाट दुसऱ्या बाजूला, हा पेच महाडला १९२७ च्या बराच आधीपासून माहीत होता.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात गेला आणि पाणी होते तसेच राहिले. तळ्यावर मुसलमान पाणी भरत, जनावरे पाणी पीत. अस्पृश्य मात्र तिथे जाऊ शकत नव्हता.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे, महाडचे सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे अशी मंडळी तिच्यामागे होती. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा गावात उठली आणि जेवणासाठी बसलेल्या, घरी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. काहींना मुसलमान कुटुंबांनी आपल्या घरात आसरा दिला. नंतर तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

फौजदारी खटला चालला. ६ जून १९२७ रोजी ९ आरोपींपैकी ५ जणांना प्रत्येकी ४ महिन्यांची सक्तमजुरी झाली. या निकालावर बाबासाहेबांनी जे म्हटले ते वकिलाने कायम लक्षात ठेवावे असे आहे. जिल्ह्यातले प्रमुख अधिकारी स्पृश्य हिंदू असते तर हा न्याय झाला नसता, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. निकाल आपल्या बाजूने लागलेला असताना हा बॅरिस्टर तेच विचारत होता, जे आजही माझे अशील विचारतात. फरक इतकाच की तो उघडपणे विचारत होता. शिक्षा देणारा निःपक्षपाती ठरला तो गावाबाहेरचा होता म्हणून. उद्या गावातला माणूस त्या खुर्चीवर बसला तर काय, ही काळजी निकालाने मिटत नव्हती.

*

पुढच्या सत्याग्रहासाठी डिसेंबर १९२७ ठरला. त्याआधी ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला होता. सत्याग्रह थांबवायचा तर महाडच्या सनातनी मंडळींपुढे दोन दारे होती.

पहिले दार कलेक्टरचे. हा अधिकारी जमीनमहसूल गोळा करी, पोलिसांवर त्याची नजर असे, आणि तोच जिल्हा मॅजिस्ट्रेटही असे. खाली मामलेदाराचे तेच. शेतसारा थकला म्हणून सकाळी ज्याच्यापुढे हात जोडायचे, दुपारी त्याच्याच पुढे आरोपी म्हणून उभे राहायचे. शांततेला धोका आहे असे या अधिकाऱ्याला पटले, तर फौजदारी कायद्याच्या १४४ कलमाखाली तो एका सहीने सभा, मिरवणूक, पाणवठ्यावर जाणे, सगळे बंद करू शकत असे. पुरावा नको, साक्ष नको, उलटतपासणी नको. सनातनी मंडळींनी या दाराशी जाऊन बंदीहुकूम मागितला. कलेक्टर हूड यांनी तो दिला नाही.

मग ते दुसऱ्या दाराशी गेले. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा क्रमांक ४०५ दाखल झाला. वादी पांडुरंग रघुनाथ धारप, नरहरी दामोदर वैद्य आणि इतर, महाडच्या स्पृश्य हिंदूंच्या वतीने. प्रतिवादी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी, अस्पृश्यांच्या वतीने. मागणी अशी की तळे आमचे आहे, ते वापरण्याचा हक्क फक्त आमचा आहे असे जाहीर करावे, आणि प्रतिवादींना कायमची मनाई करावी. दोन दिवसांनी, १४ डिसेंबरला, कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला.

वकिलाच्या नजरेने पाहिले तर या दिवशी गोष्ट उलटी झाली. ज्या कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती मनमानीची सगळी हत्यारे होती, त्याने ती वापरली नाहीत. ज्या कोर्टाकडून दुर्बळाने आशा धरायची, त्यानेच दुर्बळाला अडवले. तात्पुरती मनाई देताना ‘आहे ती परिस्थिती राहू द्यावी’ असा विचार न्यायाधीश करतो. पण आहे ती परिस्थितीच अन्यायाची असेल तर? कायद्याच्या पुस्तकात निरुपद्रवी दिसणारा हा विचार महाडमध्ये कुणाच्या पथ्यावर पडला हे सांगायला नको. त्या सबजज्जाच्या मनात काय होते ते कळायला मार्ग नाही, आणि त्याच्यावर हेत्वारोप करण्याचे मला कारण नाही. एवढेच म्हणतो की तो ज्या गावात राहत होता त्याच गावातली वजनदार माणसे त्याच्यापुढे वादी म्हणून उभी होती. तिथे सरकारचा दबाव असण्याची गरज नव्हती. गावाचा दबाव पुरेसा असतो, आणि तो कुणी मुद्दाम टाकावा लागत नाही.

*

२४ डिसेंबरला बाबासाहेब मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. रस्त्याने आल्यास गाडीवाले अडवतील म्हणून खाडीची वाट धरली होती. दासगावच्या बंदरात हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. तिथून सुमारे ५ मैलांवर महाड. परिषदेला गावात कुणी जागा देत नव्हते, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली.

२५ तारखेच्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ मध्ये व्हर्सायला भरलेल्या फ्रेंच राष्ट्रीय सभेशी केली. त्याच रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. या दहनाचा अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावला आहे. माझ्या विषयापुरता मला दिसणारा अर्थ असा. मनुस्मृतीत राजाच्या वतीने न्याय कोणी द्यावा याचा नियम आहे. तो ब्राह्मणाने द्यावा, शूद्राने कधीही देऊ नये. त्याच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगळी शिक्षा आहे. म्हणजे ‘साहेब कोणाचे?’ या प्रश्नाचे उत्तर त्या ग्रंथात लिहूनच ठेवले होते. जवळच्याच कोर्टाचा मनाई हुकूम अंगावर असताना जाळला गेला तो हा ग्रंथ.

तिकडे खरा पेच उभाच होता. सुमारे चार हजार माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. घरदार सोडून, भाकरी बांधून, मैलोन्‌मैल चालून आलेली माणसे. हुकूम मोडावा असे बहुतेकांना वाटत होते. कलेक्टर हूड यांना परिषदेत बोलू दिले गेले. दिवाणी कोर्टाचा हुकूम मोडू नका, असे त्यांनी सांगितले. बरीच चर्चा झाली, आणि २७ डिसेंबरला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला. त्यानंतर लोकांनी तळ्याभोवती शांतपणे मिरवणूक काढली. कुणी पाण्याला हात लावला नाही.

तरुण वयात हा भाग वाचताना मला चीड यायची. चार हजार माणसे पाण्यापाशी जाऊन परत फिरली, ती एका सहीसाठी! पुढे वकिली करताना मी या निर्णयाकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ज्यांच्याकडे पैसा नाही, जमीन नाही, गावात वजन नाही, त्यांच्याकडे अखेर एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे लेखी नियम. कोर्टाचा हुकूम सोयीचा नाही म्हणून मोडायचा हा पायंडा पडला, तर उद्या तळे खुले करणारा हुकूमही गाव मोडणार, आणि मोडताना गावाचे हात बळकट असणार. हे अनुमान माझे आहे. पण पुढची नऊ वर्षे ज्या चिकाटीने तो दावा लढवला गेला, ती पाहता तहकुबी म्हणजे माघार नव्हती असे मला ठामपणे वाटते. कोर्टाच्या हुकुमाला कोर्टातच उत्तर द्यायचे, असे त्या दिवशी ठरले. त्याची किंमत मात्र परत फिरणाऱ्या माणसांनी भरली, हे विसरून कोर्टाचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

*

२३ फेब्रुवारी १९२८ रोजी तात्पुरता मनाई हुकूम उठला. दावा चालू राहिला. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने निकाल प्रतिवादींच्या बाजूने दिला. वादी अपिलात ठाण्याला गेले. जानेवारी १९३३ मध्ये असिस्टंट जज्जाने अपील फेटाळले. मग दुसरे अपील मुंबई हायकोर्टात. १७ मार्च १९३७ रोजी न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांच्या खंडपीठाने तेही फेटाळले.

हायकोर्टाचा निकाल वाचताना अपेक्षाभंग होतो. त्यात मानवतेवर एकही परिच्छेद नाही. अस्पृश्यता पाप आहे असे त्यात म्हटलेले नाही. खालच्या कोर्टांनी तळे नगरपालिकेचे ठरवले होते, तेव्हा मालकीचा मुद्दा संपलाच होता. उरला तो रूढीचा. ‘स्मरणातीत काळापासून’ फक्त आम्हीच हे पाणी वापरतो, असे वादी म्हणत होते. कायद्यात अशी रूढी जो सांगतो त्याने ती सिद्ध करायची असते. वादींचा पुरावा अलीकडच्या काळापुरता होता. त्यापूर्वी, तळ्याभोवती वस्ती वाढण्याआधी, अस्पृश्यांना तिथे मज्जाव होता याला आधार नव्हता. देवळाची गोष्ट निराळी. इथे प्रश्न पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या एका जुन्या तळ्याचा होता. रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून दावा गेला.

हा कोरडेपणाच मला या निकालाचा गुण वाटतो. निकाल देणारे ब्रूमफील्ड पंधरा वर्षांपूर्वी अहमदाबादला जिल्हा न्यायाधीश होते. १८ मार्च १९२२ रोजी राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींना ६ वर्षांची शिक्षा त्यांनीच दिली होती. शिक्षा देताना गांधीजींविषयी आदर व्यक्त केला, पण शिक्षा दिली. दोन निकाल शेजारी ठेवले की साम्राज्याच्या न्यायालयाची मर्यादा नेमकी कळते. महाडच्या तळ्यात सरकारचे काही बुडत नव्हते, तिथे न्यायाधीशाला पुरावा जाईल तिकडे जाता आले. राजद्रोहात सरकार स्वतःच पक्षकार होते आणि कायदाही त्यानेच केलेला, तिथे न्यायाधीशापाशी सौजन्यापलीकडे द्यायला फारसे काही नव्हते. सरकारला ज्याचे सोयरसुतक नाही अशा दाव्यात कोर्ट स्वतंत्र असणे कठीण नसते. कसोटी लागते ती सरकारच समोर उभे असते तेव्हा.

आणि महाडच्या सबजज्जाचे काय? ज्या कोर्टाने १४ डिसेंबरला मनाई दिली, त्याच कोर्टाने १९३१ मध्ये गावातल्या वजनदार वादींच्या विरुद्ध निकाल दिला. कुणी त्याला रामशास्त्री म्हटले नाही. त्याच्यावर नाटक झाले नाही. पण साक्षी नोंदवल्या, कागद पाहिले, पुरावा कमी पडला म्हणून सांगितले. सामान्य न्यायाधीशाला आपल्याच गावाविरुद्ध निकाल देता आला, कारण त्याच्या पाठीशी एक पद्धत होती. पुराव्याचा भार कोणावर हे ठरलेले होते. निकालाची कारणे लिहावी लागत होती. ती कारणे वर ठाण्यात आणि मुंबईत तपासली जाणार होती. आणि त्याची नेमणूक किंवा बदली महाडच्या पुढाऱ्यांच्या हाती नव्हती. बाण्यापेक्षा या चार गोष्टी मला जास्त भरवशाच्या वाटतात.

*

कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट हे एकच असू नयेत, ही मागणी काँग्रेसने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनापासून लावून धरली होती. इंग्रज सरकार ती टाळत राहिले. ज्याच्या हाती पोलीस, त्याच्याच हाती शिक्षा, ही राज्यकर्त्याला फार सोयीची व्यवस्था असते.

ती मोडण्याचे कलम घटना समितीत आणले ते महाडच्या दाव्यातल्या पहिल्या प्रतिवादीने. २४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी ३९-अ हे नवे कलम मांडले. न्यायखाते आणि कार्यकारी खाते वेगळे करण्यासाठी राज्याने पावले उचलावीत, आणि हे तीन वर्षांत व्हावे, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या दिवशी तीन वर्षांची मुदत वगळून ते संमत झाले. आज ते घटनेचे ५० वे कलम आहे. मुदत गाळली गेली याचे दुःख मला वकील म्हणून आजही वाटते. मुदत नसलेल्या कामाचे काय होते हे कोर्टातल्या माणसाला सांगावे लागत नाही. तरी मुंबई राज्याने १९५१ मध्ये यासाठी कायदा केला आणि १९५३ मध्ये तो अमलात आणला. देशभर ही फारकत व्हायला नवी फौजदारी संहिता लागू होईपर्यंत, म्हणजे १ एप्रिल १९७४ पर्यंत, थांबावे लागले.

पण मला मोलाची वाटते ती आणखी एक तारीख. ३९-अ संमत झाल्यावर चारच दिवसांनी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. त्याच दिवशी भेदभावाला बंदी करणारे कलमही मंजूर झाले, ज्यात विहिरी, तळी आणि स्नानाचे घाट यांचा नावानिशी उल्लेख आहे. देशाच्या राज्यघटनेत तळे कशाला, असे परक्या वाचकाला वाटेल. महाडकराला वाटणार नाही. कार्यकारी सत्तेपासून न्यायाची सुटका आणि गावाच्या वहिवाटीपासून पाण्याची सुटका, ही दोन कामे एकाच आठवड्यात झाली. माझ्या अशिलाच्या प्रश्नातल्या दोन्ही भागांना एकाच वेळी उत्तर देण्याचा हा प्रयत्न होता.

पुढे २४ मे १९४९ रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली. नेमणूक निव्वळ सरकारच्या हाती नको, असे डॉ. आंबेडकर म्हणाले. ती राजकारणी सभागृहाच्या संमतीवरही नको. आणि सरन्यायाधीशाच्या शब्दाला नकाराधिकार देण्यासही त्यांनी विरोध केला. सरन्यायाधीश झाला तरी तो माणूसच, त्यालाही सामान्य माणसाचे दोष आणि पूर्वग्रह असतात, असे त्यांचे म्हणणे. कोर्टाच्या जोरावर तळ्याचा दावा जिंकलेला माणूस न्यायाधीशांना देवपण द्यायला तयार नव्हता. कोणत्याही एका खुर्चीवर संपूर्ण भरवसा ठेवू नये, हा धडा महाडच्या पाण्यातून आलेला होता असे मी मानतो.

*

या रचनेची परीक्षा व्हायला पंचवीस वर्षे लागली. १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश नेमले गेले. १९७५ मध्ये आणीबाणी आली. त्या काळात मुंबईच्या वकिलांनी नागरी स्वातंत्र्यावर बंद सभागृहात सभा घ्यायची ठरवली, तिला पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील हायकोर्टात गेले, आणि न्या. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने तो हुकूम रद्द केला. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या मजकुरावर सेन्सॉरने फुली मारली, तेव्हा फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांनी सेन्सॉरला त्याची हद्द दाखवून दिली. सरकार स्वतः समोर उभे असताना दिलेले हे निकाल होते. म्हणजे १९२२ मध्ये ब्रूमफील्डना जमले नव्हते ते इथे घडले.

आणि मग २८ एप्रिल १९७६ आला. स्थानबद्ध माणसाला कोर्टात दाद मागता येते, असे नऊ हायकोर्टांनी म्हटले होते. सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा मताने ते फिरवले. त्या चारांत आपले पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूडही होते. एकटे पडले ते न्या. एच. आर. खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची असताना ते पद दुसऱ्याला दिले गेले, आणि खन्नांनी राजीनामा दिला. त्याच सुमारास हायकोर्टांच्या १६ न्यायाधीशांच्या बदल्या झाल्या होत्या.

इथे पुन्हा रामशास्त्र्यांची आठवण निघते, आणि खन्ना त्या मानाला पात्र आहेतच. पण मी विचारतो ते त्या नऊ हायकोर्टांबद्दल. तिथले सगळे काही असामान्य धैर्याचे पुरुष नव्हते. ते न्यायाधीश वेगवेगळ्या शहरांत बसले होते, त्यांना सहजी काढता येत नव्हते, समोर वकील निर्भयपणे बाजू मांडत होते, आणि निकालाची कारणे लिहावी लागत होती. दिल्लीत एका पीठावर दबाव एकवटतो, तसा नऊ ठिकाणी सहज एकवटत नाही. आणि वकील उभा राहिला नाही, तर शूर न्यायाधीशापुढेही प्रकरण येतच नाही. धैर्याचा पहिला हप्ता वकिलाने भरायचा असतो.

*

तुडीलहून येताना आजही एखादा अशील गाडीत शेजारी बसतो. वाद बहुधा वाटेचा, बांधाचा नाहीतर पाण्याचा असतो. "साहेब कोणाचे?" तो विचारतो. आता मी त्याला ४०५ नंबरच्या दाव्याची गोष्ट सांगतो. वादींकडे गाव होते, वजन होते, मनाई हुकूमही होता. पुरावा नव्हता, म्हणून ते तीनही कोर्टांत हरले. तेव्हा साहेब कोणाचे ते सोड, तुझ्याकडे कागद काय आहेत ते दाखव.

तो ऐकून घेतो. पिशवीतून सातबारा काढतो, जुनी पावती काढतो. मग थोडा वेळ खिडकीबाहेर बघून दुसरा प्रश्न विचारतो, "पण वकीलसाहेब, त्यांचा निकाल लागायला किती दिवस लागले?"

१२ डिसेंबर १९२७ ते १७ मार्च १९३७. नऊ वर्षे, तीन महिने आणि पाच दिवस. मी आकडा खरा सांगतो. या प्रश्नाला रामशास्त्र्यांकडे उत्तर नव्हते, घटनेत मुदत गाळली गेली, आणि माझ्याकडेही सांगण्यासारखे काही नाही. तो सातबाराची घडी घालून पिशवीत ठेवतो, आणि आम्ही दोघेही तारखेला हजर होतो.